सव्वीस गुण

२०१८चा फेब्रुवारी. लाल पेन्सिलीचं टोक कुसुमताईंच्या बोटाखाली मोडलं आणि हजेरीपटावर बारीक ठिपका उमटला — सोळाव्या नावाच्या अगदी शेजारी.

समोर, हजेरीपट घेऊन घरी आलेली गुंजन बसली होती. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच कॉलेजात गणित शिकवते. पद्धतही त्यांचीच: चाचणीत पस्तीसच्या खाली गेला, की परीक्षेच्या फॉर्मवर सही नाही. जे बसतील ते पास होणारच. कुसुमताई निवृत्त होईपर्यंत त्यांचा निकाल शंभर टक्के...

"मॅडम, या सोळा नंबरच्या मायाचं काय करू जी? खापरखेड्याहून येते. एकोणतीस मिळाले. स्टाफरूमच्या दाराशी रडून राहिली, म्हणते, यंदा बसू नाही दिलं तर बाबा लग्न लावून देतील."

"सगळेच रडतात."

"तुम्ही तर ऐकतच नव्हत्या कोणाचं," गुंजन हसली. "आम्ही तुम्हाले कात्री म्हणत होतो!"

कुसुमताईही हसल्या. आणि हसता हसता कुठून तरी खडूचा वास आला... १९७१. गोपाळराव सरांची खोली, आणि त्यांच्यापुढे फॉर्म धरून उभी मी, कुसुम. चाचणीत सव्वीस. सरांचा निकाल चाळीस टक्क्यांच्या वर कधी गेला नाही, बाकीचे प्राध्यापक त्यांना धर्मशाळा म्हणत. "काहून रडून राहिली वं? आण तो फॉर्म. बसल्याबिगर कसं कळन, तुले येते का नाही?" मग महिनाभर रोज सकाळी शिकवलं. मी पास झाले, नोकरीला लागले — आणि पहिल्याच दिवशी ठरवलं, धर्मशाळा व्हायचं नाही. तिथेच आपण राहून आलो, हे कुणाला कळता कामा नये...

सत्तेचाळीस वर्षं ते सव्वीस कुणाला सांगितले नाहीत. आत्ता सांगितले तर गुंजन सही करेल. शब्द अगदी ओठांवर आले —

"मॅडम?"

"नावावर रेघ मार," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता.

गुंजन पुढे विभागप्रमुख झाली. निकाल शंभर टक्के. गोपाळराव सर तर केव्हाच गेले. मायाचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. कुठे दिलं, ते गुंजनला ठाऊक नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

मी अजून आहे. फेब्रुवारी लागला, की दुपारी दाराची बेल वाजताच वाटतं, माया आली असेल; तिला तरी सांगून टाकू. सव्वीस, सव्वीस... तोंडात घोळवतच दार उघडते. कुरिअरवाला असतो. सही करा म्हणतो. हायसं वाटायला हवं — पण पेन धरलेली बोटं कितीतरी वेळ हलत नाहीत.