न बसवलेले पडदे

"बाबा, डोन्ट फ्रेट हं!"

दारातून आलेला तो आवाज अजून माझ्या पोकळीत घुमतो, मित्रांनो. मी एक जुनी गिटार आहे. जुनी, पण कधीच न वाजलेली.

मला घडवलं वाद्यं बनवणाऱ्या एका बापानं, आपल्या एकुलत्या लेकीसाठी. माझी लाकडी छाती त्यानं तासून तासून पातळ केली. मधल्या भोकावर जाळीची नक्षी कोरली. मानेवर बारीक खाचा पाडल्या. आता त्या खाचांत धातूचे पडदे, म्हणजे सुरांच्या बारीक पट्ट्या, ठोकल्या, की तारा चढवायच्या. पडद्यांना तो फ्रेट म्हणे. त्याचं इंग्रजी म्हणजे सामानाच्या खोक्यांवर छापलेलं, तेवढंच.

त्याच दिवशी लेक नोकरीसाठी दूर निघाली. बाहेर टॅक्सी हॉर्न वाजवत होती. बाप हातोडी घेऊन बसलेला, पहिला पडदा माझ्या मानेवर टेकवलेला. लेकीनं त्याचा उतरलेला चेहरा पाहिला, ते शब्द म्हणाली आणि गेली.

हातोडी वरच्या वर थांबली. डोन्ट फ्रेट. पडदे लावू नकोस. म्हणजे गिटार नकोच. त्यानं पडदा परत डबीत ठेवला आणि मला खुंटीवर टांगलं.

तेव्हापासून मी भिंतीची झाले. शेजारी कितीतरी वाद्यं आली, बरी झाली, गात गात आपापल्या घरी गेली. माझ्या जाळीत कोळ्यानं घर केलं. शेजारचा रंगवाला डोकावला की हसायचा, "काय हो, ही गिटार की धोपाटणं? पडदे लावा की!"

"गिऱ्हाईक नको म्हणालंय," बाप म्हणे, आणि पाठ फिरवून कशाला तरी पॉलिश करत बसे.

लेकीचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो. बाकी ठीक."

फोन ठेवला की तो फडकं घेऊन माझ्याजवळ यायचा आणि न पुसताच परत फिरायचा. गिटार का नको, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं आणि घरही नको असं ऐकावं लागलं तर? मित्रांनो, आमच्यावरच्या धुळीला एक फुंकर पुरते. न विचारलेल्या प्रश्नाची धूळ मात्र फार चिवट. तुम्ही आपले वेळेवर विचारून टाकत जा.

परवा लेक आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिची नजर माझ्यावर गेली.

"बाबा, ही अजून अशीच? मला वाटलं, विकून टाकलीस!"

"तूच म्हणालीस ना जाताना, फ्रेट नको."

ती आधी खो खो हसली. मग हसू तसंच विरलं आणि ती स्टुलावर बसली.

"ते हे फ्रेट नव्हे रे! फ्रेट म्हणजे झुरणं. जिवाला घोर लावून घेणं. थोडं थोडं झिजत जाणं, तेही फ्रेटच. ही जाळी कोरलीस ना, तिलाही तोच शब्द. मी म्हणत होते, माझ्यासाठी झुरू नकोस."

"एका शब्दाच्या पोटात एवढं सगळं?"

त्यानं मला खाली काढलं. बाहीनंच पुसलं. डबीतला पहिला पडदा खाचेवर ठेवला आणि हातोडी उचलली. वर न बघताच तो म्हणाला,

"मग मी तुझं काहीच ऐकलं नाही, चिमणे. पडदे तेवढे लावले नाहीत. बाकीचं सगळं केलं. रोज केलं."