चिंधूच्या खिशातला फ्यूज

देवरावानं लॅपटॉपमधून काढलेली डिस्क तळहातावर घेतली, वायर जोडून करंट दिला आणि ती कानाशी धरली. आतून एक बारीक टक् आला, मग घरघर, मग पुन्हा टक्. मोटर फिरायला बघत होती आणि आतलं काहीतरी तिला हलू देत नव्हतं.

“जीव हाये अजून,” तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर ते परत घ्यावंसं त्याला वाटलं.

समोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. कमलिनीबाई सेक्टर दोनच्या. त्यांचे यजमान नरहरी पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसात होते. दिवाळीला आठ दिवस होत नाहीत तोच छातीत कळ येऊन गेले. लोकांचे अर्ज लिहून देण्याचा त्यांना भारी नाद, आणि बंगलोरच्या मुलानं आपला जुना लॅपटॉप दिल्यापासून तर विचारूच नका. बाईंच्या शेजारी कौशल्या. तिचा नवरा चिंधू ऑगस्टात हथखोजच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलमध्ये भाजला आणि चौथ्या दिवशी गेला. आदल्या दिवशी नरहरींनी दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी बसून त्याचं बोलणं त्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं होतं. नर्सनं कौशल्येला तेवढ्यापुरतं बाहेर काढलं होतं, म्हणून नवरा शेवटी काय बोलला हे तिला आजतागायत ठाऊक नव्हतं.

सोमवारी कोर्टात तारीख होती. चिंधूनं स्वतःच फ्यूज लावला आणि स्वतःच्या चुकीनं मेला, असं मालकाचं म्हणणं. तो पिऊन होता, असंही कुणीतरी उठवलं होतं. कौशल्येला आपल्या माणसावरचा हा डाग पुसायचा होता, आणि तो पुसणारे शब्द या डिस्कमध्ये आहेत अशी तिची खात्री होती.

शनिवारी लॅपटॉप आला तेव्हापासून पाच दिवस देवरावानं नुसत्या थापा मारल्या होत्या. एकदा पार्ट नागपूरहून यायचा होता, एकदा लाइन नव्हती, एकदा त्याचं डोकं दुखत होतं. आज दोघी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. पावर हाउस भागातल्या अख्ख्या बाजारात लॅपटॉप उघडायची हिंमत असलेला तो एकटाच, त्यामुळे दुसरीकडे जा म्हणायचीही सोय नव्हती.

“माझ्यामुळंच झालं हे,” कमलिनीबाई म्हणाल्या. शनिवारपासून हे त्या चौथ्यांदा सांगत होत्या. दसऱ्याला त्यांनी सगळी हत्यारं पूजेला मांडली. पान्हे, विळी, शिवणयंत्राची कात्री आणि मधोमध चौरंगावर लॅपटॉप. बंद यंत्राची कसली पूजा, म्हणून चालू करून ठेवलेला. फरशी नुकतीच पुसली होती, म्हणून नारळ चौरंगाच्या कडेवरच फोडा असा हट्ट त्यांनीच धरला. नरहरी नको नको म्हणत होते. बायकोपुढे कुणाचं चाललंय? नारळ एका घावात फुटला, चौरंग हादरला आणि पडदा काळा झाला तो झालाच. त्यानंतर महिनाभर ते नीट जेवले नाहीत. चिंधूच्या बोलण्याचा कागद आधीच छापून का ठेवला नाही, असं बाईंनी विचारलं की गप्प बसत.

देवरावाला मात्र त्या गप्प बसण्याची धास्ती वाटायची. नरहरींना काय कळलं होतं? खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. ऑगस्टपासून त्याला जेवण गोड लागलं नव्हतं. सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स आधी केलेलाच होता, त्या जोरावर कारखाना सोडून त्यानं हे दुकान टाकलं. तरी कुणी पाठीमागून हाक मारली की चिंधूचाच आवाज वाटायचा.

त्या कारखान्यात देवराव इलेक्ट्रिशियन होता आणि चिंधू त्याचा जोडीदार. दोघं भंडाऱ्याकडचे, एकाच गावचे. नेम साधा होता. पॅनेलमध्ये जो हात घालणार, फ्यूज काढून त्याच्या खिशात द्यायचा, म्हणजे बाहेरून कुणी लाइन चालू करू शकत नाही. त्या दिवशी देवरावानं फ्यूज काढला आणि आपल्याच खिशात टाकला. चिंधू पाणी प्यायला बाहेर आला. काम झालं असं समजून, न विचारता, देवरावानं फ्यूज लावला आणि चहाला निघून गेला. चिंधू एक नट आवळायला परत आत गेला होता. चौकशीत देवरावानं सांगितलं, फ्यूज मी चिंधूजवळ दिला होता, पुढचं मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. पट्ट्यांतून चिंधूचा चेहरा तेवढा उघडा होता. साहेबायले काय सांगतलं, असं त्यानं विचारलं, आणि देवरावानं जे सांगितलं होतं ते त्याला सांगितलं. चिंधूनं डोळे मिटले. नंतर काही तो बोललाच नाही. दोन दिवसांनी मात्र तो नरहरींजवळ बोलला होता.

आता ती डिस्क तळहातावर टकटक करत होती. टेबलाच्या कडेवर एक ठोका दिला असता तर सगळं कायमचं मिटलं असतं. ‘गेली बाई, नाही वाचली’ म्हटलं असतं, तर कुणाला काय कळणार होतं? ठोका द्यायला त्यानं हात उचललासुद्धा.

“घरचा फ्यूज काढला तरी ते खिशातच ठेवत,” कौशल्या मधेच म्हणाली. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. “मी सदरा धुवाले घेतला का सापडे. मी चिडवो, तं म्हणत, ज्याचा जीव त्याच्याच खिशात बरा.”

देवरावाचा हात खाली आला. त्यानं वायर काढली, डिस्क बोटांत धरली आणि बरणीचं गंजलेलं झाकण फिरवावं तसा मनगटाला एक झटका दिला. पुन्हा वायर जोडली. टक् आला नाही. आतून एकसारखी सूं ऐकू आली आणि ती वाढत गेली.

“चालू झाली?” कमलिनीबाई उभ्याच राहिल्या.

“बसा बाई. किती वेळ चालते सांगता येत नाई.”

त्यानं डिस्क दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. नरहरींनी प्रत्येक माणसाचं नाव घालून फाइल ठेवली होती. चिंधूची फाइल त्यानं आधी फ्लॉपीवर उतरवून घेतली, मग उघडली. मराठी अक्षरं त्या लॅपटॉपमध्ये नव्हती. नरहरींनी चिंधूचं बोलणं इंग्रजी अक्षरांत, जसंच्या तसं लिहिलं होतं. देवराव एकेक शब्द जुळवत मनात वाचत गेला. वाचून झाल्यावर त्यानं पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

“वाचा ना, भाऊजी,” कौशल्या म्हणाली. “मले कुठं वाचता येते?”

काहीही वाचून दाखवता आलं असतं. त्यानं होतं तेच वाचलं.

“‘फ्यूज माह्याच खिशात होता. मीच लावला. देवराव चहाले गेला होता, त्याचा काही दोष नाई. त्याले कोणी काही बोलू नका. मी पेलो नवतो, हे तेवढं कौशल्येले सांगा.’”

बाहेर एक ऑटोवाला सवाऱ्यांसाठी दुर्ग, दुर्ग ओरडत होता. कौशल्येनं पदर तोंडाला लावला. नरहरींनी कागद का काढला नाही, ते आता कमलिनीबाईंना उमगलं. तो कागद कौशल्येच्या हातात द्यायला नरहरींचा जीव धजला नव्हता.

देवराव सुटला होता. मेलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं त्याला सोडवलं होतं, आणि ते लिहून घेणारा अख्ख्या सेक्टरमध्ये नाव असलेला माणूस. आता फक्त फ्लॉपी द्यायची होती.

“म्हणजे चूक त्यायचीच होती,” कौशल्या म्हणाली. मग ती उठली आणि देवरावासमोर येऊन तिनं हात जोडले. “भाऊजी, मी मनातल्या मनात तुमच्यावर शक घेतला होता. जळलेला सदरा मले दवाखान्यातून भेटला, त्याच्या खिशात काहीच नवतं. फ्यूज लावून ते आत जात नवते, म्हून वाटे तुमी तो देलाच नाई. माफी करा मले.”

ते जोडलेले हात त्याला बघवेनात. त्यानं टेबलाचा खालचा खण ओढला. खिळे, वायरी, जुने स्विच बाजूला सारून त्यानं चिनीमातीचा एक फ्यूज काढला. त्याचं एक टोक काळं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी नवा फ्यूज लावायला साहेबानं त्यालाच पाठवलं होतं; तेव्हापासून हा जळका त्याच्याजवळ होता. फेकायला दोनदा शिवनाथ नदीच्या पुलावर गेला आणि दोन्ही वेळा तसाच परत आला.

“वहिनी, चिंधू लबाड बोलला,” देवराव म्हणाला. “फ्यूज माह्या खिशात होता. लावला तोही मीच. तो आत हाये का, मी विचारलं नाई.”

कमलिनीबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. कौशल्येनं फ्यूज घेतला. काळ्या टोकावरून अंगठा फिरवला, मग अंगठ्याकडे पाहिलं. ती ओरडेल, तोंडात मारेल, असं देवरावाला वाटलं. तिनं मारलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

डिस्कची सूं एकदा चढली, खाली आली आणि बंद पडली. तिकडे कुणी पाहिलं नाही.

“त्यायले माहीत होतं?” तिनं विचारलं.

“हो. मीच सांगतलं होतं.”

तिनं मान हलवली. मग टेबलाला वळसा घालून ती त्याच्याजवळ आली आणि फ्यूज त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

“राहू द्या तुमच्याच जवळ,” ती म्हणाली. “सोमवारी कोर्टात उभं तुमाले राहायचं हाये.”