रुसव्याचे पॉइंट

लग्नघरात मानपान जिच्याकडे असतो, तिला एक विद्या यावीच लागते: कोण रुसलंय ते लांबूनच ओळखायचं आणि त्याच्या ताटात आधी वाढायचं. जिज्ञासाच्या आईकडे ही विद्या होती, मावश्यांकडे होती. जिज्ञासाने मात्र ती थेट अंतराळात नेली.

झालं असं. तिचा नवरा भूपेश, भूपेशचा चुलतभाऊ विकास आणि भूपेशचा अंबरनाथच्या कंपनीतला दोस्त नवसू, हे तिघं दर रविवारी तिच्या कात्रपच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ग्रह जिंकायला बसत. त्या गेममध्ये आपली जमात आपण घडवायची. खाणकाम, जहाजांचा वेग, लढाई, पैदास, सगळ्याला पॉइंट द्यायचे. भूपेशच्या आजोबांची मिठागरं होती, म्हणून त्याच्या जमातीचं नाव मिठागरे. खडकाळ, खारट ग्रहावरसुद्धा ते सोनं काढायचे. विकासचे तुफानी नुसते पळायचे आणि मारायचे. नवसूचे रानवे सावकाश वाढायचे, पण जिथे झाडी असेल तिथे शत्रूला दिसायचे नाहीत.

आता तीन जमाती तीन तऱ्हेच्या. त्या तोडीस तोड राहाव्यात म्हणून दर आठवड्याला कुणीतरी सेटिंगमध्ये शिरून आकडे कमीजास्त करायला हवेत. हे काम जिज्ञासाकडे आलं. ती उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका जीन्सच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर मापं काढायची. कंबर एवढी वाढली तर मांडीला किती सोडायचं, हे तिच्या बोटांत बसलेलं. शिवाय ती खेळत नव्हती, म्हणजे पक्षपात नाही. निदान तिघांचा तसा समज होता.

पण माप हाताने काढलं तरी मन मध्ये येतंच. भूपेश हरला की जेवताना गप्प. भाजी कशी झालीय विचारलं तर "ठीक आहे." विकास तर उघडच आदळआपट करणारा. "वहिनी, हे चीटिंग आहे. मी गेम डिलीट मारतो, बघाच तुम्ही," म्हणत गॅलरीत जाऊन उभा राहायचा. मग सोमवारी जिज्ञासा हळूच मिठागऱ्यांचं खाणकाम वाढवायची, पुढच्या सोमवारी तुफान्यांची तोफ. घर शांत. रुसवा काढला, पाहुणे जेवून गेले, असं समाधान तिला वाटायचं.

नवसू हरला की हसायचा. "मेले बिचारे रानवे," म्हणायचा आणि बारवी रस्त्याला पाड्यावर जायला निघायचा. आपल्याकडे म्हणतातच ना, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. नवसू रडला नाही, म्हणून त्याला कुणी काही दिलं नाही.

मग एका रविवारी तो आलाच नाही. काम निघालं म्हणाला. पुढच्या रविवारी पावणे आले म्हणाला. तिसऱ्या रविवारी त्याने फोनच उचलला नाही आणि भूपेशचं तोंड एवढंसं झालं. नवसू म्हणजे त्याचा डिप्लोमापासूनचा मित्र. कंपनीत पहिल्या वर्षी भूपेशच्या हातावर अॅसिड उडालं, तेव्हा तो हात नळाखाली धरून ठेवणारा नवसूच.

"तू काही बोललास का त्याला?" जिज्ञासाने विचारलं.

"मी काय बोलणार? कंपनीत भेटतो, बोलतो नीट. पण घरी ये म्हटलं की विषय बदलतो."

"दोघांत मजा नाय यार," विकास म्हणाला. "वहिनी, तुम्ही बसा ना त्याच्या जागी."

बसली. रानवे घेतले. आणि गॅसवरचा चहा उकळायच्या आत तिचे सगळे ग्रह गेले. तिने झाडीत जहाजं लपवली, तर मिठागऱ्यांनी तोवर चौपट जहाजं बांधली होती. पळायला गेली, तर तुफानी पुढे उभेच. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. इतके महिने ती ज्याला मापात बसवणं म्हणत होती, त्यात एका माणसाला श्वास घ्यायलाही जागा उरली नव्हती. आणि तो दर रविवारी हसत आला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

"बाइक काढ," ती भूपेशला म्हणाली.

पाड्यावर पोचले तेव्हा नवसूच्या अंगणात माणसं जमली होती. गावदेवाला बकरा दिला होता आणि नवसूचा बाप जनू पळसाच्या पानांवर मटणाचे वाटे घालत होता. नवसू बाजूला उकिडवा बसून हाडं तोडून देत होता. या दोघांना बघून तो गडबडला, पण हात रक्ताचे, उठणार कसा? "बसा, बसा, येवढं होऊ द्या," म्हणाला.

जनूचं काही लवकर होईना. एका वाट्यातला तुकडा उचलून दुसऱ्यात, काळजाची एक फोड इकडून तिकडे. मग त्याने हात पुसले. नवसूची आई पुतळाबाई सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. जनूने एका वाट्यावर बोट ठेवलं. "ह्यो कोनाचा?"

"गोजरबाईचा," पुतळाबाई न बघताच म्हणाली.

"ह्यो?"

"आपला."

नवसूच्या घरचा वाटा असा मधेच निघाला. कुणी कुरकुरलं नाही.

"असं का करतात?" जिज्ञासाने विचारलं.

"कुठला वाटा कोनाला जानार, ते घालनाऱ्याला म्हाईत नसतं ना," नवसू हात धूत म्हणाला. "त्यालाच खराब आला तर? म्हनून सगळे सारखे घालतो."

जिज्ञासाने मग आडपडदा ठेवला नाही. "भाऊजी, मी चुकले. जो रुसला त्याला दिलं. तुम्ही रुसला नाहीत, म्हणून तुमचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

नवसूने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने तो माती उकरू लागला.

"हरायचं काय नाय वहिनी," तो म्हणाला. "पन विकास भांडतो, त्याचं घर हाय ते. मी कुठल्या तोंडानं भांडू? तुमच्याकडं जेवायचं, चहा प्यायचा, वर तुम्हालाच बोलायचं? मग वाटलं, नको जायला."

भूपेश जवळ सरकला. त्याने नवसूच्या मानेवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून बसला. निघताना पुतळाबाईने मटणाचा एक द्रोण बांधून दिला.

पुढच्या रविवारी नवा कायदा लागू झाला. तिन्ही जमाती एकानेच बनवायच्या, आणि आपल्याला कुठली येणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसणार. पहिली पाळी भूपेशची. लग्नाच्या याद्यांनाही त्याने एवढा घाम गाळला नव्हता. इकडचा पॉइंट तिकडे, तिकडचा इकडे, "थांब रे, ही जरा भारी होतेय." अखेर जिज्ञासा स्क्रीनकडे पाठ करून उभी राहिली.

"ही कोणाची?"

"विकास भाऊजींची."

"ही?"

"नवसू भाऊजींची."

खेळ दुपारभर चालला. असा खेळ त्या टेबलावर कधी झाला नव्हता. तिघंही शेवटपर्यंत जिवंत. आणि शेवटच्या ग्रहावर नवसू हरला. जिज्ञासा नवसूकडे बघू लागली. आता हा हसणार, बिचारे मेले म्हणणार आणि चपला घालणार.

नवसूने लॅपटॉप फाडकन मिटला. "कसली फालतू जमात काढलीस रे भूप्या! जहाजं हायत का बैलगाड्या? आणि वहिनी, तुमच्या तोंडातनं माझंच नाव बरं निघालं! नाय खेळायचं मला. चहा पन नको!" आणि तरातरा गॅलरीत जाऊन, पाठ फिरवून उभा राहिला.

विकास आणि भूपेश एकमेकांकडे बघत राहिले. जिज्ञासाचे डोळे भरून आले होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. ती चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात गेली.

"रुसा भाऊजी, पोटभर रुसा," ती म्हणाली. "पॉइंट एकसुद्धा वाढवून मिळणार नाही."