धुतलेली शिशी

दिवाळी उलटली की उमरझरीचं पाणी आकसू लागतं. सरकारी नकाशात तिला नाला म्हटलं आहे, पण मोहटोल्यात येऊन तिला कोणी नाला म्हटलं, तर त्याला चहासुद्धा मिळायचा नाही. मोहटोल्याला ती नदीच. पुढे जाऊन ती प्राणहितेला मिळते, मग तिला नदी का म्हणू नये?

पात्रातली पांढरी वाळू उघडी पडली, की शकुबाई खुरपं आणि टोपलं घेऊन खाली उतरायची आणि झिरा खोदायची. झिरा म्हणजे वाळूत खोदलेला हातभर खोल खड्डा. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. मग जे पाझरतं ते गार आणि नितळ, बघूनच तहान भागावी असं. झिऱ्याच्या काठावर ती एक तुमडी ठेवायची, भोपळा वाळवून केलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं, तुमडी पालथी घालावी आणि वाटेला लागावं, एवढाच नियम. गावात बोरिंग होतं, पण त्याचं पाणी लोखंडी. चहा टाकला तर काळा पडायचा. म्हणून प्यायला सारं गाव झिऱ्यावर.

हे काम शकुबाईला तिच्या सासूने दिलं होतं. शकुबाईने आपल्या मुलाला, निकेशला, पहिल्यांदा पाणी पाजलं ते झिऱ्याचंच. आता निकेश आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला होता आणि त्याची बायको मयुरी सहा महिन्यांच्या बापूला घेऊन घरी होती. पौषात बापूचं उष्टावण ठरलं होतं. आईच्या दुधावरचं लेकरू पहिला घास खातं, पहिला घोट पाणी पितं, तो दिवस. तो घोट झिऱ्याचा असावा, एवढीच शकुबाईची इच्छा होती. देवाजवळ तिने दुसरं काही मागितलं नव्हतं.

मयुरी मात्र घुटमळत होती. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, वरच्या वळणावर बिरजूभाऊच्या म्हशी बसतेत. तेच पाणी खाली येते. बापूले देऊन राह्यलो, तर एकडाव तपासून घेऊ ना."

"मी जलमभर तेच पिऊन राह्यली. मले काही झालं का?"

"तुमचं पोट लोखंडाचं आहे. त्याचं नाई."

हे बोलणं शकुबाईच्या मनात रुतून बसलं.

पाणी तपासायची सोय गावात नुकतीच आली होती. अहेरीहून स्वाती नावाची मुलगी स्कूटीवर यायची आणि बायांना शिकवायची. तिने प्रत्येक घरी एक लहानशी शिशी दिली होती. शिशीत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं, तर त्यात शेणामुताचे जंतू आहेत असं समजायचं. काळं नाही झालं, तर चांगलं. शिकवणी समाजमंदिरात झाली. मयुरी बापू रडतो म्हणून घरीच राहिली आणि शकुबाई दारात बसून ऐकत होती. नेमकी मधल्या बोलण्याच्या वेळी तिची शेळी तुरीत घुसली. शकुबाई काठी घेऊन तिच्यामागे धावली. परत आली तेव्हा स्वाती म्हणत होती, "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वच्छता."

स्वच्छता शकुबाईला शिकवावी लागत नव्हती. तिची पितळी भांडी चिंचेने आणि राखेने घासून अशी लखलखायची, की शेजारच्या बाया त्यांत बघून कुंकू लावायच्या. तिने घरी येऊन शिशी उघडली आणि नाक मुरडलं. तळाला काहीतरी तपकिरी, चिकटलेलं.

"एवढी शिकली पोरगी, अन् शिशी अशी देते लोकाले," ती पुटपुटली.

मग तिने राख घातली, बाभळीच्या काडीला चिंधी गुंडाळून आत फिरवली, तीनदा विसळली. शिशी लख्ख झाली. ती घेऊन ती झिऱ्यावर गेली, पाणी भरलं आणि घरी आणून ऊब कुठे मिळेल याचा विचार करू लागली. पौषाची थंडी. कोपऱ्यात टोपल्याखाली तिची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. शकुबाईने हळूच शिशी तिच्या पंखाखाली सरकवली. कोंबडीने डोळा वटारला, चोच मारली आणि मग ते एक अंडंच समजून पोटाखाली ओढून घेतलं.

दोन दिवसांनी पाणी होतं तसंच, नितळ.

शकुबाईचा आनंद दारात मावेना. तिने सगळ्या टोल्यावर, वाडीभर, सांगितलं. त्याच आठवड्यात तिने बिरजूला म्हशींवरून खडसावलं होतं. बिरजू म्हणजे वरच्या टोल्यावरचा, दुधावर पोट चालवणारा, तोंडाचा मोकळा माणूस. त्याला हे कळलं, तेव्हा तो रस्त्यातच हात जोडून उभा राहिला.

"शकुबाई, लय उपकार झाले वो. माह्या म्हशी पास झाल्या म्हणते गाव. आता त्यायले पेढे वाटू का सरकीची ढेप?"

"पास पाणी झालं गा, म्हशी नाई."

"पाण्यात बसल्या कोन? म्हशी. मग मार्क कोनाले?"

शकुबाईलाही हसू आलं. तिने म्हशींचा विषय सोडून दिला.

उष्टावणाच्या दिवशी सकाळी अंगण सारवलं, रांगोळी घातली. मामाने भाच्याला पहिला घास भरवायचा, अशी रीत. पण मयुरीला भाऊ नव्हता. मामाचा पाट रिकामाच मांडला आणि घास शकुबाईने भरवायचा असं ठरलं. निकेश सुट्टी काढून आला होता. तांदळाची खीर झाली. पितळी वाटीत झिऱ्याचं पाणी घेतलं. देवाजवळ ती शिशी ठेवली होती, कुंकवाचं बोट लावून.

स्वातीलाही बोलावणं होतं. ती आली, बापूच्या हातात खुळखुळा दिला, देवाला नमस्कार करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"शकुबाई, ही कोणती शिशी?"

"तूच देली नाई का, बाई. पाह्य, कसं निर्मळ पाणी आहे."

"यात खाली तपकिरी पावडर होती ना? ती कुठे गेली?"

"धुतली ना मी! काय ते बुडाले चिकटलं होतं. राखेनं घासली. अशी घाण शिशी कोन सरकारातून पाठवते?"

स्वाती शकुबाईच्या अगदी जवळ आली आणि तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ते औषध होतं, शकुबाई. जंतू असतील तर त्या औषधानंच पाणी काळं होते. औषध गेलं, तर पाणी कधीच काळं होत नाई. गटाराचंबी नाई."

शकुबाईच्या हातात वाटी होती. बापू समोर मयुरीच्या मांडीवर बसून वाटीच्या चकाकीकडे हात पसरत होता. तिने वाटीकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. मग ती वाटी तिने उचलून तुळशीत ओतली.

"निकेश, पोराचं उष्टावण आज नाई. पोराचं सहाव्या नाई तर आठव्या महिन्यात चालते. आठव्यात करू. बाकीच्यायनं जेवून जा, स्वयंपाक झाला आहे, त्यातलं पाणी उकळलेलं आहे."

"आई, लोकं काय म्हणतीन?" निकेश म्हणाला.

"म्हनतीन, शकूनं शिशी धुतली. धुतलीच तर आहे."

ती मागच्या अंगणात गेली, तेव्हा स्वाती मागोमाग आली. ती म्हणाली, "चूक माझी आहे. न धुता वापरा, हे मी एकदाच बोलली. परत विचारायले पायजे होतं."

"तू चारचौघात हसली नाईस, पोरी. तेवढं माह्यासाठी लय झालं," शकुबाई म्हणाली.

स्वातीने पिशवीतून नवी शिशी काढली. या वेळी शकुबाईने तिच्यात बोटसुद्धा घातलं नाही. पाणी भरलं आणि पुन्हा कोंबडीखाली ठेवली. दुसऱ्याच दिवशी सकाळी काढली तर आत जणू कोणी काजळ कालवलं होतं.

शकुबाईने आधी झिरा बुजवला. तुमडी घरी आणली. बायांना सांगितलं की नदीचं पाणी उकळल्याशिवाय कोणी प्यायचं नाही. मग ती काळी शिशी पदराला बांधून वरच्या वळणावर गेली. भांडायचं असं ठरवूनच निघाली होती. पण वाटभर तिला आपण चिंधीने घासलेली ती शिशी आठवत राहिली, आणि वळणावर पोचेपर्यंत भांडण कुठेतरी सांडून गेलं.

म्हशी पाण्यात निवांत बसल्या होत्या. बिरजू दगडावर.

"काय गा बिरजू, निकाल आला."

"पास झाल्या होत्या ना?"

"फेरतपासणी झाली. नापास." तिने शिशी पुढे केली. "पहिली शिशी मी धुऊन टाकली होती. औषधासकट."

बिरजूला समजायला थोडा वेळ लागला. मग तो असा हसला, की एक म्हैस उठून उभी राहिली. हसता हसता त्याला ठसका लागला. शकुबाई त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "हस, हस. पण एक सांग. दुपारी तहान लागली की तू पाणी कुठी पेते?"

"तुमच्या झिऱ्यावर. तुमडीनं."

"म्हशी वर बसवते, अन् खाली येऊन तेच पाणी पेते?"

बिरजूचं हसू थांबलं. त्याने शिशी हातात घेतली, उन्हाकडे धरली, आपल्या पोटाकडे पाहिलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "म्हणून पोट असं गुडगुडते का माह्यं?"

आता हसायची पाळी शकुबाईची होती. दोघंही हसून थकले, तेव्हा बिरजू म्हणाला, "पण बाई, म्हशीले बसाले पाणी तर लागते. मी नेऊ कुठी त्यायले?"

वरच्या उतारावर एक जुनी बोडी होती, शेतांच्या डोक्यावरचं लहानसं तळं. पूर्वी तिथेच गुरं बसायची. जंगलातली माती वाहून येत राहिली आणि बोडी गाळाने भरली. आता तिच्यात बेशरमाची झाडं आणि टाचभर चिखल उरला होता. तेव्हापासून गुरं नदीवर आली. ही गोष्ट दोघांनाही माहीत होती, पण म्हशी आणि बोडी या दोन गोष्टी आजवर कोणी एकत्र बोलून पाहिल्या नव्हत्या.

माघात काम निघालं. दोन्ही टोल्यांतली माणसं आली. गाळ काळा, लोण्यासारखा. जो वाहील त्याच्या धानाच्या बांधीत, भातखाचरात, जाईल असं ठरलं, म्हणून कोणाला बोलवायला जावं लागलं नाही. स्वातीने उतारावर फिरून जागा दाखवल्या, तिथे ओहळांत आडवे दगड रचले, म्हणजे माती जंगलातच अडेल आणि बोडी पुन्हा भरणार नाही. बिरजूने सगळ्यांना रोज ताक पाजलं, उकळलेल्या पाण्याचं, आणि तसं दर वेळी सांगितलंही. गाळ निघाला तशी खालून ओल सुटली आणि होळीच्या आधी बोडीत म्हैस बुडेल एवढं पाणी आलं. पहिली म्हैस आत उतरली, डोळे मिटून बसली. बाकीच्या मागून गेल्या.

शकुबाई बांधावर बसून पाहत होती. आपण कोणाकोणाचं देणं लागतो, असं तिच्या मनात आलं. मयुरीचं, जिने सासूला न घाबरता शंका विचारली. स्वातीचं. या बिरजूचं, जो चिडायच्या जागी हसला. कोंबडीचंसुद्धा, जिने काचेच्या अंड्याला दोनदा ऊब दिली. शेळीला मात्र ती अजून माफ करायला तयार नव्हती.

फाल्गुनात तिने नवा झिरा खोदला. जुन्यापासून लांब, वाळू जाड होती तिथे. वर लाकडाचं झाकण केलं. शिशी भरली, कोंबडीखाली ठेवली. खरं तर या वेळी ऊन तापलं होतं आणि पिलं केव्हाच बाहेर पडून अंगणभर फिरत होती, पण शकुबाईने कोंबडी धरून आणली आणि बसवलीच. दोन दिवस सगळं गाव येऊन विचारत होतं. औषध विरघळून शिशीतलं पाणी मधाच्या रंगाचं झालं होतं, ते काळं न होता मधाच्याच रंगाचं राहिलं.

"तरी बापूसाठी उकळून घ्या," स्वाती म्हणाली.

"पास झाल्यावरबी?"

"लहान पोट आहे, शकुबाई."

"बरं बाई. उकळते."

पुन्हा अंगण सारवलं. पुन्हा रांगोळी. पुन्हा मामाचा रिकामा पाट. बिरजू खिरीसाठी दूध घेऊन आला, दारातच चरवी ठेवून परत निघाला.

"कुठी चालला गा?" शकुबाईने हाक मारली. "पाटावर बस."

"कोनत्या?"

"मामाच्या. मयुरीले भाऊ नाई. तू भरव."

बिरजूने मयुरीकडे पाहिलं. तिने पदर सावरून मान हलवली आणि म्हणाली, "बसा ना, भाऊ." बिरजूने अंगावरचा सदरा झटकला, हातांकडे पाहिलं. त्यांना शेणाचा वास होता.

"हात राखेनं घासू का वो?" त्याने विचारलं.

"घास गा. हात कितीबी घास," शकुबाई म्हणाली. "शिशी तेवढी धू नको."

अंगण हसलं. बिरजू हात कोपरापर्यंत घासून आला आणि पाटावर अवघडून बसला. त्याने खिरीचं बोट बापूला चाटवलं. मग पितळी वाटी उचलली. शकुबाईने खालून आपला हात धरला. बापूने एक घोट घेतला, ओठ मिटले, भुवया आक्रसून चव पाहिली आणि वाटीकडे पुन्हा तोंड केलं.