पहिली आडी

मला सगळे 'अम्मा' म्हणतात. दिग्दर्शक म्हणतो, चहावाला म्हणतो आणि माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान असलेला हिरोसुद्धा म्हणतो. तमिळ आणि तेलुगू सिनेमांत मी इतक्या मुलींची आई झालेय, की माझं नाव तिलकवती आहे हे आमच्या शेजाऱ्यांनाही आठवत नाही. माझी काही तक्रार नाही. पोट भरतं.

त्या जूनमध्ये शूटिंग हैदराबादला होतं. पिक्चर दोन्ही भाषांत एकदम, म्हणजे प्रत्येक शॉट आधी तमिळमध्ये, मग तोच तेलुगूत. मार खायचा तोही दोनदा. गोष्ट अशी की मुलगी लग्न करून शिकागोला जाते, नवरा मारतो. शिकागो प्लायवूडचं होतं आणि खिडकीबाहेर थर्माकोलचा बर्फ. माझं काम फोनवरचं. मुलगी रडते आणि मी म्हणते, "पुरुष तापट असतात गं बाळा. सांभाळून घे." हे वाक्य मी इतक्या पिक्चरमध्ये म्हटलंय की ते मला झोपेत येतं, दोन्ही भाषांत.

तमिळ शॉट झाला, तेलुगूसाठी लाइट हलवत होते, तेवढ्यात माझ्या खऱ्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. इनिया लग्न होऊन मेलबर्नला गेली, त्याला चार-पाच महिने झाले होते. तिकडे थंडी, म्हणून गळ्यात मफलर. बोलता बोलता ती शेगडीवरचं काही उतरवायला वाकली आणि मफलर सुटला.

मागे मस्तानभाई माझा घाम टिपत उभा होता. नेल्लोरचा माणूस, आयुष्य मेकअपमध्ये गेलेलं, जिभेला हाड नाही. म्हणाला, "काय अक्का, पोरीचं पण शूटिंग चालू आहे वाटतं? मानेला पॅनकेक मेकअप लावलाय!"

इनियानं झटकन मफलर गुंडाळला. मीही पाहिलं होतं. चेहरा कोरा आणि मानेवर जाड थर, तोही एकाच बाजूला. घरात बसलेली पोरगी मफलरखाली मानेला रंग कशाला लावेल?

"इनिया," मी म्हटलं.

"अम्मा, काही बोलू नकोस. तो बाहेरच्या खोलीत आहे. पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे, कुलपात. तू त्याला काही बोललीस तर तो राग माझ्यावर काढेल." आणि तिनं फोन बंद केला.

"अम्मा, तेलुगू!" दिग्दर्शक ओरडला. वंशीधर त्याचं नाव, पोरगा हुशार आहे. मी गेले, फोन कानाला लावला आणि तेलुगूत सांगितलं, पुरुष तापट असतात, सांभाळून घे. वंशी म्हणाला, झकास. मला त्या क्षणी तो फोन शिकागोच्या खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

आता जावयाचं सांगते. मुकुंदन. गोड बोलणारा, वाकून नमस्कार करणारा. तो जगात एकाच माणसाला मानतो, आईला. बाकी सगळं मोडेल, आईचा शब्द मोडणार नाही. ही आई म्हणजे माझी विहीण, कुंभकोणमची सौंदरवल्ली. नवरा भिंतीवर हार घालून बसलेला आणि ही सोवळ्यात. बारा महिने गळाबंद ब्लाऊज, पार हनुवटीखालपर्यंत बटणं. आदल्या वर्षी ऐन मे महिन्यात लग्न ठरवायला गेलो तेव्हा आम्ही पदरानं वारा घेतोय आणि ही तशीच बसलेली. माझी बहीण कानात म्हणाली, "हिला आत पंखा बसवलाय का गं?" आम्ही पोट धरून हसलो होतो. सिनेमातली माणसं म्हणून ती आम्हाला खालच्या पायरीची समजायची आणि ते लपवायचीही नाही.

रात्रभर विचार केला. जावयाला बोलायची सोय नाही. पोलीस तिकडचे, पोरगी घाबरलेली. विहिणीला खरं सांगितलं तर ती मुलाचीच बाजू घेणार, आणि त्याला कळलं की तो राग इनियावर काढणार. मग कॅलेंडरकडे लक्ष गेलं. महिन्याभरात आडी लागत होती.

आडी म्हणजे तुमचा आखाड समजा. लग्नानंतरच्या पहिल्या आडीत सून नवऱ्याजवळ राहत नाही, माहेरी येते.

दुसऱ्या दिवशी लंचब्रेकमध्ये मी शिकागोच्या सोफ्यावर बसले आणि कुंभकोणमला फोन लावला.

"विहीणबाई, एक सांगायचं होतं. आडी येतेय, पण मी काही इनियाला आणत नाही हं. एवढ्या लांबून कशाला? आणि आम्हा सिनेमावाल्यांचं कसलं आलंय आडीबिडी."

"म्हणजे?"

"म्हणजे राहू दे तिथंच. आजकाल कोण पाळतं?"

"आम्ही पाळतो!" फोन कानापासून लांब धरावा लागला. "पहिली आडी आणि सून नवऱ्याच्या घरात? आडीत दिवस राहिले तर ऐन चित्तिरै महिन्याच्या उन्हात बाळंतपण! तोंडाला रंग फासून फिरणाऱ्यांना काय कळणार रीतभात? तुमच्याकडची मुलगी केली तिथंच आमचं चुकलं."

"पण जावई सोडणार नाहीत, बाई. त्यांच्या जेवणाचे हाल..."

"माझा मुलगा माझ्या शब्दाबाहेर नाही."

"आणि मला शूटिंग आहे हो. ती आली तरी मी घरी नसेन."

"मग सोडा शूटिंग! आई आहात की कोण आहात?"

मी बारीक रडवेला आवाज काढला. "बरं बाई. तुम्ही म्हणाल तसं."

फोन ठेवला तर समोर वंशी उभा. "अम्मा, हा कुठला सीन?"

"तुझ्या पिक्चरमध्ये नाही तो," मी म्हटलं.

पुढचे दिवस मी फक्त फोनकडे बघत होते. तो आईचं ऐकेल का, की पहिल्यांदाच ऐकणार नाही? शेवटी इनियाचा निरोप आला. त्यानं चिडचिड केली, पण तिकीट काढलं, जायचं आणि यायचंही. पासपोर्ट विमानतळावर पोचल्यावर हातात दिला.

चेन्नईला ती बाहेर आली तेव्हा हातात एक छोटी बॅग होती, महिन्यापुरतीच. रडली नाही. घरी आणून मी तिला खुर्चीत बसवलं आणि खोबरेल तेल घेऊन मान पुसायला लागले. आमच्यात मेकअप तसाच उतरवतात. रंग उतरला. खाली पिवळे-जांभळे डाग होते, एक अंगठा, चार बोटं. सेटवरच्या जखमा तेलानं निघतात. मी वेड्यासारखी तेल लावत राहिले आणि ती म्हणाली, "अम्मा, पुरे. ते खरं आहे." मग मला रडू फुटलं. खरं रडू फार कुरूप असतं, कुठलाही दिग्दर्शक असा शॉट ठेवणार नाही.

आडीभर ती झोपली, आंबील प्याली, वकिलाकडे जाऊन आली. "मी परत जाणार नाही," असं तिनं एका सकाळी इडली खाता खाता सांगितलं.

महिना संपला त्याच दिवशी कुंभकोणमहून फोन आला.

"आडी संपली. पाठवा सुनेला. चांगला दिवस बघून ठेवलाय."

आता नाटक करायचं कारण नव्हतं. "विहीणबाई, मी तिला पाठवणार नाही. तुमच्या मुलाची पाचही बोटं मानेवर घेऊन आली ती."

मी शिव्यांची वाट बघत होते. चांगल्या चार शिव्या मीही तयार ठेवल्या होत्या.

"मानेवर?" ती म्हणाली.

"हो."

"गळाबंद ब्लाऊजात झाकतं का?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग मे महिना आठवला, हनुवटीपर्यंतची बटणं आठवली, भिंतीवरचा तो हार घातलेला फोटो आठवला. मी खाली बसले.

"झाकतं," मी म्हटलं.

"पाठवू नका," ती म्हणाली. "त्याला मी बघते."

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं घसा खाकरला आणि तिचा नेहमीचा आवाज आला. "आणि पोरीला जरा नीट खाऊपिऊ घाला. नुसती आंबील पाजली असेल. तुम्हा सिनेमावाल्यांना काही म्हणजे काही येत नाही."