पाचवी फळी

सुट्टीसाठी भाड्याने आणलेली कॅरॅव्हॅन, आत झोपायच्या फळ्या असलेली गाडी, दारात उभी होती. शिवणकाम करणारी थोरली नणंद गाद्यांच्या खोळींसाठी मापं घेत होती. "त्यात चौघंच मावतात हो, ताई," असं धाकट्या भावजयीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. पण शिवणारीची टेप कोपरान्‌कोपरा धुंडाळते, हे ती विसरली. ताईंनी भिंतीला दुमडलेली पाचवी फळी खाली ओढली.

"अगं, हे काय?"

"ती मोडलीय."

ताई फळीवर बसल्या. फळी कुरकुरलीसुद्धा नाही.

"असेल हो मोडलेली," त्या हळूच म्हणाल्या. "पोरांच्या खोळी मऊ कापडाच्या करते. तिकडे गारठा असेल."

भावजयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"ताई, फळी धड आहे. तुम्ही घोरता, म्हणून खोटं बोलले. चला ना आमच्याबरोबर."

ताई कसनुशा हसल्या. "आता कसली येते? डोळा लागेल या भीतीने रात्रभर बसूनच राहीन."

त्यांनी फळी उचलून भिंतीला लावली आणि चौथ्या गादीचं माप लिहून घेतलं.