मार्लनच्या मागचा फलंदाज

मार्लन हॅचने होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला, की पुढचा चेंडू ड्वेन कोसिकच्या बरगडीत बसायचा. बेसबॉलमधला हा जुना हिशेब. फटका खाल्लेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चिडतो, पण मारणारा तोवर टाळ्या घेत आत गेलेला असतो. मग राग निघतो त्याच्यामागून येणाऱ्यावर. आणि मार्लनच्या मागून वर्षानुवर्षं ड्वेनच यायचा. मार्लनने लीगचा होमरनचा विक्रम मोडला त्या दुपारी सगळा संघ त्याच्या गळ्यात पडला होता आणि ड्वेन मातीत कळवळत पडला होता. कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. ओहायोच्या थंडीत ती बरगडी अजून ठणकायची, आणि दर थंडीत स्टॅन न्हाव्याच्या दुकानात मार्लनचा विषयही निघायचाच.

"विक्रम कसला, ताकदीच्या इंजेक्शनांची करामत!"

"इंजेक्शन घेऊन चेंडू दिसतो होय रे बावळटा? घेऊन बघ की!"

मार्लनला क्लबच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंत खेळाडूंच्या दालनात, घ्यायचं की नाही, या भांडणात गिऱ्हाइकांच्या दाढ्या अर्ध्या राहायच्या. ड्वेनचं नाव तिथल्या भिंतीवर केव्हाच लागलं होतं. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

यंदा निवड समितीत ड्वेन होता. दोन मतं इकडे, दोन तिकडे, आणि उरलेलं त्याचं.

"तू त्याच्या शेजारी कपडे बदलायचास," अध्यक्ष मिसेस बर्डेट म्हणाल्या. "सुई कधी पाहिलीस?"

ड्वेनने कधीच काही पाहिलं नव्हतं. पण नुसतं 'आता आठवत नाही' म्हटलं असतं, तरी मार्लनचा पत्ता कायमचा कट झाला असता. शब्द अगदी ओठावर आले. तेवढ्यात त्याच्या डोक्यात आलं, हा बाहेर राहिला तर मरेपर्यंत न्हाव्याकडे मार्लन, मार्लन, मार्लन! आत घेतलेल्याचं नाव कोण काढतं?

"नाही पाहिली," तो म्हणाला. "घ्या त्याला."

बायकोला मात्र त्याने खरं ते सांगितलं. बटाटे कुस्करता कुस्करता लॉरेटा हसत सुटली. "जळकुकड्या! खरं बोललास, तेही जळूनच?"

उन्हाळ्यात मैदानावर समारंभ झाला. मार्लनने माईक हातात घेतला.

"लोक मला सुयांचं विचारतात. माझं औषध तिथं तिसऱ्या रांगेत बसलंय. मला फटकाच मारू न देता, चार चेंडू लांब टाकून फुकटात पहिल्या बेसवर धाडणं पिचरांना सोपं होतं. पण मागून ड्वेन यायचा ना, फटका मारून माझी धाव पुरी करायला! त्याच्या धास्तीनं मला सरळ चेंडू मिळायचे. आणि माझ्या फटक्यांचा मार त्यानं खाल्ला. विक्रमाच्या दिवशीसुद्धा. मी पाहिलं होतं गड्या. ऊठ, ड्वेन!"

सगळं मैदान उभं राहिलं. ड्वेनही उठला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तो जळलाही. जन्मात पहिल्यांदा लोक त्याच्यासाठी उभे राहिले होते, तेही मार्लनने सांगितलं म्हणून.

"आता तरी झालं ना समाधान?" लॉरेटाने कानाशी विचारलं.

"त्यानं पाहिलं होतं," ड्वेन दातांवर दात दाबून म्हणाला. "इतकी वर्षं माहीत होतं लेकाला. बोलला कधी, तर माईक हातात आल्यावर!"

आणि तो मार्लनकडे बघून जोरजोरात टाळ्या वाजवत राहिला, कारण आज सगळे ड्वेनकडे बघत होते.